वुडलाउसच्या पोटातील जीवाणू: मुक्कामी कोणते आणि अन्नाबरोबर जाणारे कोणते

नाशिकमध्ये पावसाळ्यात गच्चीवरची कुंडी उचलली, किंवा द्राक्षबागेच्या कडेला कुजत पडलेला पाचोळा चाळवला, की राखाडी रंगाचे, चौदा पायांचे वुडलाउस लगबगीने अंधाराकडे पळताना दिसतात. ते कीटक नाहीत. ते खेकडा आणि कोळंबी यांच्या कुळातील, म्हणजे कवचधारी प्राणी असून पोटाखालच्या पानांसारख्या अवयवांनी श्वास घेतात आणि म्हणूनच ओलावा सोडून फार दूर जात नाहीत. घरी कंपोस्ट करणाऱ्यांकडून त्यांच्याविषयी एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘त्यांच्या पोटातले जीवाणू पाला पचवतात.’ हे वाक्य पूर्णपणे चुकीचे नाही. मात्र त्यातील ‘पोटातले जीवाणू’ या शब्दांत दोन अगदी निरनिराळे समूह एकत्र कोंबले गेले आहेत.

पहिला समूह पश्चांत्रात, म्हणजे आतड्याच्या लांब, सरळ नळीत आढळतो. कुजलेल्या पानावर जीवाणू आणि बुरशी यांचा थर असतो, आणि वुडलाउस पानाबरोबर तो थरही खातो. त्यांतील बरेच सूक्ष्मजीव वाटेतच पचून जातात, काही तग धरून वाढतात आणि विष्ठेतून बाहेर पडतात. वुडलाउस स्वतःची विष्ठाही खात असल्याने त्यांतले काही पुन्हा आत येतात. त्यामुळे या समूहात कोण आहे हे बहुतांशी खाल्लेल्या पाचोळ्यावर ठरते.

दुसरा समूह पचनग्रंथींत राहतो. जठराच्या मागून निघालेल्या, एका टोकाला बंद असलेल्या या बारीक नळ्या पाचक रस तयार करतात आणि पचलेले अन्न शोषून घेतात. जठरातील गाळणीमुळे त्यांच्यात पानाचे तुकडे शिरत नाहीत. द्रव आणि अतिसूक्ष्म कण तेवढे पोहोचतात. युरोपात सर्वत्र आढळणाऱ्या ‘पोर्सेलिओ स्केबर’ या जातीच्या ग्रंथींतून २००४ मध्ये दोन नवे जीवाणू वर्णिले गेले: ‘हेपॅटोप्लाझ्मा’ आणि ‘हेपॅटिन्कोला’. पहिला मायकोप्लाझ्माच्या नात्यातील, पेशीभित्ती नसलेला. दुसरा त्या वेळी रिकेट्सियांच्या, म्हणजे बहुधा दुसऱ्यांच्या पेशींत राहणाऱ्या जीवाणूंच्या, गणात धरला गेलेला. वंशाने इतके दूर असूनही दोघांना देठासारखे शेपूट असते आणि दोघेही ग्रंथीच्या आतील पृष्ठभागालगत राहतात. हे साम्य मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत विलक्षण वाटते.

दोन्ही समूह शरीरात एकमेकांपासून काही मिलिमीटरवरच असतात. मग त्यांना वेगळे मानण्याचे कारण काय? माझ्या मते निर्णायक मुद्दा कात टाकण्याचा आहे. वुडलाउसच्या पश्चांत्राला आतून कायटिनचे, म्हणजे त्याच्या कवचातही असलेल्या चिवट द्रव्याचे, अस्तर असते, म्हणजे ती नळी जणू आत वळलेली त्वचाच आहे. वुडलाउस आधी शरीराच्या मागच्या अर्ध्या भागाची आणि काही दिवसांनी पुढच्या भागाची कात टाकतो, आणि त्या क्रमात आतड्याचे अस्तरही बदलते. अस्तराला चिकटून कितीही दाट वस्ती झाली, तरी तिचा आधारच असा वेळोवेळी निघून जातो. पचनग्रंथींना असे अस्तर नाही, त्यामुळे तेथील जीवाणूंवर ही वेळ येत नाही. वाळवीच्या आतड्याचे अस्तरही कातीबरोबर जाते, पण वारुळातील सोबती आपल्या आतड्यातील द्रव पाजून तिची वसाहत पुन्हा उभी करतात. वुडलाउसकडे अशी व्यवस्था नाही.

यावरून ग्रंथींतील जीवाणू आईकडून अंड्यातून येत असतील असा तर्क कोणीही करील, पण तो टिकत नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार हेपॅटोप्लाझ्मा परिसरातून मिळतो, आणि तरीही निरनिराळ्या यजमान जातींत, म्हणजे तो ज्यांच्यात राहतो त्या वुडलाउसच्या जातींत, त्याचे निरनिराळे वंश आढळतात. हलक्या प्रतीच्या अन्नावर जगण्यास तो यजमानाला मदत करतो असेही पुरावे आहेत. मात्र पान फोडण्याचे सारे श्रेय त्याला देणे घाईचे ठरेल.

आईकडून पिल्लांत जाणारा प्रसिद्ध जीवाणू वेगळाच आहे: वोल्बाकिया. तो पेशींच्या आत राहतो, बीजांडातून पुढच्या पिढीत जातो आणि ‘आर्माडिलिडियम वल्गेर’ या जातीत जनुकीय नरांचे माद्यांत रूपांतर करतो. वोल्बाकिया रिकेट्सियांच्या गणातला आहे आणि हेपॅटिन्कोलाही आधी त्याच गणात धरला गेला होता, त्यामुळे दोघांची गल्लत होते, परंतु वोल्बाकियाचा पचनाशी संबंध नाही.

इतर छोट्या कवचधारींत चित्र पुन्हा बदलते. गोड्या पाण्यातील डॅफ्नियाच्या आतड्यात ‘लिम्नोहॅबिटान्स’ या गटाचे जीवाणू विपुल असतात. समुद्रातील लाकूड पोखरणारा लिम्नोरिया हा तर वुडलाउससारखाच आयसोपॉड, म्हणजे कवचधारींच्या त्याच गणातला; पण त्याचे आतडे जवळजवळ जीवाणूरहित असते आणि सेल्युलोज तोडणारी विकरे (एन्झाइम) त्याच्या स्वतःच्या पचनग्रंथीत तयार होतात. म्हणून कुंडीखालचा वुडलाउस भरडून त्याच्यातील जीवाणूंच्या डीएनएची यादी काढली, तर तीत कालचा पाचोळा, ग्रंथीतील रहिवासी आणि बीजांडातील वोल्बाकिया एकाच रांगेत येतील. त्यांना वेगळे करायचे असेल, तर आतडे आणि ग्रंथी स्वतंत्र काढूनच तपासाव्या लागतात.