जुनं मँडोलिन घासण्याआधी

वर्षानुवर्षं पेटीत पडून राहिलेलं मँडोलिन बाहेर काढलं की पहिला मोह होतो पॉलिश पेपरचा. काळवंडलेला रंग, तबलीवरचे म्हणजे पुढच्या फळीवरचे ओरखडे... सगळं घासून नवं करावंसं वाटतं. कृपा करून थांबा. आधी लाकडावरचा थर कशाचा आहे हे ओळखा.

सहज नजरेस न पडणाऱ्या कोपऱ्यात कापसाने थेंबभर स्पिरिट, म्हणजे अल्कोहोल, लावून बघा. थर चिकट झाला तर त्यात बहुधा लाख आहे. लाख म्हणजे एका इवल्याशा किडीचा स्राव. ती अल्कोहोलमध्ये विरघळते आणि अल्कोहोल उडून गेलं की पुन्हा कडक होते. त्यामुळे लाखेचा नवा हात फिरवला की त्यातलं स्पिरिट खालचा थरही किंचित विरघळवतं आणि जुनं-नवं एकजीव होतं. ओरखडा बुजतो, खरवडावं लागत नाही. 1920च्या दशकात रुळलेलं नायट्रोसेल्युलोज लॅकरही असंच वागतं, फक्त त्याला थिनर लागतो. तेलाचं व्हार्निश मात्र हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं, त्याचे रेणू एकमेकांत कायमचे गुंततात. ते नुसतं हलक्या हाताने पुसावं.

घासण्याचा खरा धोका लाकडाला आहे. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. 3 मिलिमीटरची तबली घासून 2.7 झाली, तर जाडी दहाच टक्के घटते, पण ताठपणा सुमारे 27 टक्क्यांनी उतरतो. आणि आठ तारांचा एकूण ताण असतो 70-80 किलोंच्या घरात! तारा ज्यावर टेकतात त्या घोडीखाली तबली खचते ती अशी. उलट, वर जाड थर चढवला तर तिची कंपनं दबतात.

जोड सुटले असतील तर सरसच वापरावा. कातडी-हाडांपासून केलेलं हे प्रथिन ऊब आणि ओल मिळाली की मऊ पडतं, म्हणून पुढच्या कारागिराला पातळ पाती सरकवून पाठ उघडता येते. तिथे इपॉक्सी हा कायमचा चिकटणारा कृत्रिम गोंद भरलेला असला की जोडाऐवजी लाकूडच फाटतं. अशी फाटलेली पाठ पाहून मला फार हळहळ वाटते.

पिकगार्ड, म्हणजे तबलीला ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेली सेल्युलॉइडची (जुन्या प्लॅस्टिकची) पट्टी, चिरफाळलं असेल तर ते काढून वेगळं ठेवा. कुजताना त्यातून निघणाऱ्या आम्लधर्मी वाफा बंद पेटीत तारा आणि खुंट्या गंजवतात.

शेवटी तारा चढवताना घाई नको. आधी सूर बराच उतरवून लावा, दोन-तीन दिवस ठेवा आणि घोडीजवळ पट्टी आडवी धरून तबली खचते आहे का ते पाहत राहा.