गोव्याची सेवानिर्यात: १८७८ च्या करारापासून आजपर्यंत

सेवानिर्यात म्हटली की बंगळूर-पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपन्या आठवतात, आणि २०२४-२५ मध्ये भारताने परदेशांना पुरवलेल्या सुमारे ३८७ अब्ज डॉलरच्या सेवांत सर्वांत मोठा वाटाही त्या क्षेत्राचाच होता. गोव्याचा या व्यवहाराशी असलेला संबंध मात्र संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे, आणि तो घट्ट होण्यामागे एक व्यापारी करारच होता.

२६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात झालेल्या करारामुळे गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामधील जकात उठली आणि मुरगाव बंदर व रेल्वेचा मार्ग मोकळा झाला. त्याच्या मोबदल्यात गोव्यातील मिठाचे उत्पादन ब्रिटिशांच्या ताब्यात गेले. वर्षाला चार लाख रुपयांची भरपाई पोर्तुगीज सरकारला मिळाली. मिठागरांवर आणि माडाच्या सुरेवर पोट भरणाऱ्यांच्या वाट्याला निर्बंध आणि अबकारी कर आले. १८९२ मध्ये करार संपला, पण मुंबईकडे निघालेली माणसे थांबली नाहीत. धोबीतलावाच्या आसपास गावागावाच्या नावाने चाललेल्या कुडांत, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक वसतिगृहांत, ती राहत. पेटी ठेवायला भिंतीकडेची जागा, रात्री पथारीपुरती जमीन, संध्याकाळचा तेर्स (जपमाळेची सामूहिक प्रार्थना), आणि बोटीवर खानसामा किंवा स्टुअर्ड म्हणून काम मिळेपर्यंतची प्रतीक्षा, असे तिथले जिणे होते. गोव्याची घरे या तारवटींच्या, म्हणजे बोटींवर नोकरी करणाऱ्यांच्या, पगारावर उभी राहिली.

१ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटनेबरोबर सेवाव्यापाराचा सर्वसाधारण करार, म्हणजे ‘गॅट्स’, लागू झाला. त्याने सेवा पुरवण्याचे चार प्रकार मानले. कळंगुटच्या हॉटेलात उतरलेला परदेशी पर्यटक दुसऱ्या प्रकारात, म्हणजे ग्राहकाने दुसऱ्या देशात येऊन सेवा घेण्यात, मोडतो आणि त्याचा खर्च ही भारताची निर्यात ठरते. माणसाने स्वतः परदेशी जाऊन सेवा देणे हा चौथा प्रकार. त्यात देशांनी हात सर्वांत आखडता घेतला. सागरी वाहतुकीवरील वाटाघाटी तर जून १९९६ मध्ये स्थगितच झाल्या. शिवाय परदेशी कंपनीच्या बोटीवरील खलाशाचा पगार देशाच्या हिशेबात सेवानिर्यातीत धरला जात नाही, तो कर्मचाऱ्यांच्या मोबदल्याच्या वेगळ्या सदरात जातो. ज्या कमाईवर दक्षिण गोव्यातील सासष्टी तालुक्यातील कित्येक कुटुंबे उभी राहिली, ती या आकड्यांत दिसत नाही, हे माझ्या मते धोरणकर्त्यांनी गंभीरपणे घ्यायला हवे. तारवटीला खरा आधार व्यापारी करारांपेक्षा २००६ च्या सागरी कामगार करारनाम्याने दिला. भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला आणि कामाचे तास, वेतन व मायदेशी परत पाठवण्याची हमी यांना त्यातून कायद्याचे बळ मिळाले.

अलीकडच्या करारांत माणसांच्या ये-जा करण्याला थोडी अधिक जागा मिळू लागली आहे. २४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या भारत-ब्रिटन करारात शेफ, योगशिक्षक आणि शास्त्रीय संगीतकार यांच्यासाठी मिळून वर्षाला १८०० जणांची मर्यादा ठेवलेली आहे.