एक्झॉस्ट फॅनने पॅनल रूम सुरक्षित होत नाही
नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या कारखान्यांत वर्षानुवर्षं ऐकतोय: ‘सॉल्व्हंटजवळच्या पॅनल रूमला एक्झॉस्ट फॅन लावा, वाफ साचत नाही.’ पॅनल रूम म्हणजे विजेच्या स्विच-पॅनलची खोली, सॉल्व्हंट म्हणजे सहज पेट घेणारं द्रावक. हा सल्ला साफ चूक आहे, जिवावर बेतणारा आहे. फॅन आतली हवा बाहेर फेकतो, खोलीतला दाब घटतो आणि दाराच्या फटीतून, केबल ट्रेंचमधून बाहेरची वाफ आत ओढली जाते. टोल्युइन या सॉल्व्हंटची वाफ हवेच्या सुमारे तिप्पट जड, जमिनीलगत सरपटत येते. कॉन्टॅक्टरची (पॅनलमधल्या विजेवर चालणाऱ्या स्विचची) एक ठिणगी ती पेटायला पुरते.

दाब बाहेरपेक्षा आतच जास्त हवा: किमान 25 पास्कलने, म्हणजे पाण्याचा जेमतेम अडीच मिलिमीटर स्तंभ. त्यासाठी ब्लोअरने हवा आत ढकलायची, तीही सुरक्षित जागेतूनच घेतलेली. दाब गेला की अलार्म वाजलाच पाहिजे. दाब परत आला, तरी मेन स्विच चढवण्याआधी खोलीतली हवा पूर्ण बदलू द्या.