इलेक्ट्रॉनांचे कोडे इलेक्ट्रॉनांकडूनच सोडवताना

भुसावळजवळच्या दीपनगर केंद्रातली वीज दूरवर पोहोचेपर्यंत तिचा काही भाग तारांमध्येच उष्णता होऊन वाया जातो. अतिसंवाहक पदार्थांत असा अपव्यय होत नाही, पण ते खूप थंड ठेवावे लागतात. १९८६ पासून माहीत झालेली ताम्र-ऑक्साइडे तुलनेने जास्त तापमानालाही अतिसंवाहक का राहतात, याचे सर्वमान्य उत्तर अजून मिळालेले नाही.

अडचण एकमेकांना ढकलणाऱ्या असंख्य इलेक्ट्रॉनांच्या हिशेबाची आहे. पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांचे सोपे गणिती चित्र असलेल्या १९६३ च्या हबर्ड प्रतिमानात प्रत्येक जागेच्या चार शक्यता असतात: ती रिकामी असेल, तिथे वर किंवा खाली स्पिन (इलेक्ट्रॉनाचा सूक्ष्म चुंबकासारखा गुण) असलेला एक इलेक्ट्रॉन असेल, किंवा दोन्ही असतील. दहा जागांच्या १०,४८,५७६ अवस्था होतात आणि वीस जागांच्या सुमारे एक लाख दहा हजार कोटी. जागा वाढतील तसा हा हिशेब साध्या संगणकाच्या आवाक्याबाहेर जातो. म्हणूनच भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ मध्ये सुचवले, की निसर्गाची नक्कल करणारे यंत्रही क्वांटम नियमांनीच चालणारे असावे.

क्वांटम डॉट, म्हणजे इलेक्ट्रॉन कोंडून ठेवणाऱ्या अतिसूक्ष्म जागा, या कामाला मला विशेष योग्य वाटतात, कारण त्यांत खरे इलेक्ट्रॉनच असतात आणि त्यांचे परस्परांना ढकलणे कृत्रिमरीत्या घडवावे लागत नाही. अर्धसंवाहकावरच्या सूक्ष्म धातूपट्ट्यांना व्होल्टेज देऊन साधारण शंभर नॅनोमीटरच्या जागेत इलेक्ट्रॉन कोंडला जातो. शेतकरी दोन वाफ्यांमधला बांध कमीजास्त करतो तसा दोन डॉटमधला अडथळा व्होल्टेजने बदलता येतो. फरक इतकाच, की इलेक्ट्रॉन बांध न फोडताही पलीकडे जाऊ शकतो.

नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या संशोधकांनी २०१७ मध्ये तीन डॉटच्या रांगेत हबर्ड प्रतिमान उतरवले. २०२० मधला त्यांचा प्रयोग मात्र अधिक सुंदर आहे. एकच जागा रिकामी असलेल्या जाळीत, इलेक्ट्रॉनांमधले अपाकर्षण तीव्र असेल, तर त्या रिकाम्या जागेच्या भटकंतीमुळे सर्व स्पिन एका दिशेला वळतात, असे भौतिकशास्त्रज्ञ योसुके नागाओका यांनी १९६६ मध्ये गणिताने दाखवले होते. चौकोनात मांडलेल्या चार डॉटमध्ये तीन इलेक्ट्रॉन ठेवल्यावर ही चुंबकीय अवस्था प्रत्यक्ष दिसली, आणि चौकोन उघडून त्याची सरळ रांग करताच ती नाहीशी झाली. चार डॉटचा हिशेब साधा संगणकही करतो हे खरे, परंतु ठाऊक असलेली उत्तरे बरोबर आल्याशिवाय ठाऊक नसलेल्या उत्तरांवर विश्वास कसा ठेवावा?

सिडनीतील गटाने २०२२ मध्ये सिलिकॉनमधल्या फॉस्फरस अणूंपासून दहा डॉट घडवून पॉलिॲसिटिलीन रेणूच्या साखळीची प्रतिकृती केली.

असे प्रयोग निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शक्य असलेल्या सर्वात कमी तापमानाच्या, अगदी जवळ चालतात. शिवाय कोणतेही दोन डॉट तंतोतंत सारखे नसतात, त्यामुळे प्रत्येकाचे व्होल्टेज वेगळे जुळवावे लागते, आणि डॉट वाढले की शीतकपाटात न्याव्या लागणाऱ्या तारांची संख्याही वाढते. जर्मेनियमवरील सोळा डॉटच्या जाळीत डेल्फ्टच्या संशोधकांनी २०२३ मध्ये एकच तार अनेक डॉटसाठी वापरून ही संख्या आटोक्यात ठेवण्याचा मार्ग दाखवला.