ऑक्साइडच्या पृष्ठभागावरील हायड्रोजन आणि वाहकतेचा जुना प्रश्न

झिंक ऑक्साइडच्या स्वच्छ स्फटिकावर हायड्रोजनचे सुटे अणू सोडले की पृष्ठभागाची वाहकता झपाट्याने वाढते, हे १९५०च्या दशकातच दिसून आले होते. अणू ऑक्सिजनला चिकटून हायड्रॉक्सिल गट तयार करतो, त्याचा इलेक्ट्रॉन संवहन पट्ट्यात (ज्या ऊर्जापातळ्यांत इलेक्ट्रॉन मोकळेपणी फिरतात त्यांत) जातो आणि पृष्ठभागालगत इलेक्ट्रॉनांचा थर साचतो, अशी त्याची उपपत्ती आहे.

गोंधळ झाला तो ‘अधिशोषित हायड्रोजन’ (पृष्ठभागाला चिकटलेला हायड्रोजन) या शब्दामुळे. १९६०च्या दशकातील अवरक्त वर्णपटांत सुमारे ३,५०० आणि १,७०० प्रति सेंटीमीटर अशा दोन रेषा मिळाल्या: पहिली ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाची, दुसरी जस्त-हायड्रोजन बंधाची. म्हणजे हायड्रोजनचा रेणू दुभंगताना एक अणू प्रोटॉनसारखा (इलेक्ट्रॉन गमावलेला), तर दुसरा हायड्राइडसारखा (जादा इलेक्ट्रॉन घेतलेला) बसतो. अशा जोडीत इलेक्ट्रॉनांचा हिशेब तिथल्या तिथे मिटतो आणि संवहन पट्ट्यासाठी काहीच उरत नाही. तरीही सुटा अणू आणि अशी जोडी या दोन्ही अवस्थांना एकच नाव दिले गेले, आणि एका अवस्थेवरून काढलेले निष्कर्ष दुसरीला लावले गेले. माझ्या मते या विषयातील बराचसा वाद निसर्गाने नव्हे, तर या नावाने निर्माण केला.

वायुसंवेदकांमुळे (वायू ओळखणाऱ्या उपकरणांमुळे) या गोंधळात आणखी भर पडली. त्यांतल्या तापवलेल्या टिन ऑक्साइडचा विद्युतरोध हायड्रोजनमुळे घटतो, पण तेथे मुख्य काम वेगळे असते: पृष्ठभागावरील ऑक्सिजनने अडवून धरलेले इलेक्ट्रॉन, त्या ऑक्सिजनचे पाणी झाल्यावर, मोकळे होतात. टंगस्टन ऑक्साइडची गोष्ट तिसरीच. प्लॅटिनमच्या सान्निध्यात त्याची पिवळी भुकटी हायड्रोजनमध्ये साध्या तापमानालाही निळी पडते, हे १९६४ मध्ये नोंदवले गेले; तेथे हायड्रोजन पृष्ठभागावर न थांबता आत शिरतो.

झिंक ऑक्साइडच्या अंगभूत वाहकतेचे श्रेय दीर्घकाळ ऑक्सिजनच्या रिक्त जागांना दिले जात होते. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणनेने स्फटिकातील हायड्रोजन हा उथळ दाता (सहज इलेक्ट्रॉन देणारा) असल्याचे दाखवले आणि ते श्रेय वादात आले. मात्र पृष्ठभागाबाबतचा निर्णायक पुरावा मला २००५ च्या प्रयोगात दिसतो. जस्त आणि ऑक्सिजन दोन्ही उघडे असलेल्या पृष्ठावर कमी तापमानात दोहोंवर हायड्रोजन बसला, तेव्हा पृष्ठभाग धातूसारखा झाला नाही. तापवल्यावर जस्तावरचा हायड्रोजन निघून गेला, फक्त ऑक्सिजनवरचा उरला, आणि हायड्रोजन कमी होऊनही तोच पृष्ठभाग धातूसारखा वाहक बनला.