पारलिंगी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांवरील कलंक (बेळगाव सीमाभाग)

बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यातल्या मराठीत पारलिंगी, म्हणजे जन्माने पुरुष मानल्या गेलेल्या पण स्त्री म्हणून जगणाऱ्या व्यक्तीला जुना शब्द आहे तो जोगता, कन्नडमध्ये जोगप्पा. ही सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेली माणसे. केसांत जट आली की ते आईचे बोलावणे मानून लुगडे नेसवायचे, गळ्यात मणी बांधायचे. सगळे जोगते देहविक्रय करत नाहीत आणि सगळ्या पारलिंगी स्त्रिया जोगते नसतात. हिजडा घराण्यांत गुरू-चेल्याच्या नात्याने राहणाऱ्या निराळ्या. मात्र शिवी देणारा एवढी चौकशी करत बसत नाही.

मंगळवारी-शुक्रवारी परडी घेऊन जोगता दारात आला की घरची बाई पीठ-मीठ घालते, भंडारा लावून घेते, पोराच्या डोक्यावर त्याचा हात ठेववते. त्याच गल्लीत त्याने खोली विचारली तर ‘आमच्यात बायका-पोरं आहेत’ म्हणून दार लागते. देवीचा मान उंबऱ्यापर्यंतच. जोगवा पोटाला पुरत नाही, हॉटेलात किंवा कारखान्यात कोणी कामाला ठेवत नाही; मग रात्री पुणे-बंगळूर महामार्ग. त्या कामाचा बट्टा पुढे जोगव्यालाही लागतो. धंदेवाल्या बायकांतही पारलिंगी म्हटले की पायरी खालची.

1956च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याने देहविक्रय हाच गुन्हा ठरत नाही. गिऱ्हाईक बोलावणे मात्र ठरते, आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या बाईला पकडायला तेवढे पुरते. कर्नाटक पोलीस कायद्यात 2011 साली हिजड्यांची नावे नोंदवून ठेवण्याचे कलम घातले गेले. हिजड्यांची अशीच नोंद ठेवणाऱ्या 1871च्या ब्रिटिश गुन्हेगार जमाती कायद्याचीच ती उजळणी म्हणावी लागेल. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014च्या नालसा निकालाने लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. पण पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठी केलेल्या 2019च्या कायद्यात पारलिंगी व्यक्तीवरील लैंगिक अत्याचाराला सहा महिने ते दोन वर्षे एवढीच शिक्षा आहे. स्त्रीवरील बलात्काराला किमान दहा वर्षे.

कर्नाटकाने 2021 साली सरकारी नोकऱ्यांत एक टक्का आरक्षण दिले. त्याच वर्षी जोगती नृत्याच्या कलावंत मंजम्मा जोगती यांना पद्मश्री मिळाली. आरक्षणाला शिक्षण लागते, आणि मुलगा ‘बायकी’ चालतो म्हणून वर्गात चिडवाचिडवी झाली की शाळा सुटते ती बहुधा सातवी-आठवीतच. मग हातात उरतो तो जुन्या, पुरुषी नावाचा दाखला. दवाखान्यात केसपेपर काढताना तेच नाव मोठ्याने पुकारले जाते, आणि लुगड्यातली बाई उठली की अख्खा बाक वळून पाहतो.