मराठवाड्यातील विद्यार्थी नवोपक्रम प्रकल्प

पाणी, आरोग्य, शेती, स्थलांतर अशा स्थानिक प्रश्नांवर उपाय शोधण्यासाठी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून किंवा स्पर्धेसाठी केलेले प्रकल्प. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ (स्थापना १९५८), नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ (१९९४) आणि परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ (१९७२) ही या कामाची मुख्य केंद्रे आहेत. तुळजापुरात टाटा समाजविज्ञान संस्थेचे १९८६ पासूनचे संकुलही आहे. मात्र येथील बहुतेक वैद्यकीय महाविद्यालये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला संलग्न आहेत, तर अनेक अभियांत्रिकी महाविद्यालये रायगड जिल्ह्यातील लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाला. त्यामुळे एकाच शहरातला उपकरण बनवणारा विद्यार्थी आणि ते रुग्णावर वापरू शकणारा विद्यार्थी यांची परीक्षा वेगळी, गाईड वेगळे, आणि गाठ पडलीच तर योगायोगाने.

या प्रकल्पांचे सर्वांत मोठे व्यासपीठ म्हणजे ‘आविष्कार’ हा राज्यस्तरीय आंतरविद्यापीठ संशोधन महोत्सव. तो २००६ मध्ये कुलपतींच्या, म्हणजे राज्यपालांच्या पुढाकाराने सुरू झाला. मानव्यविद्येपासून औषधनिर्माणशास्त्रापर्यंत त्यात सहा गट असतात. पोस्टर आणि मॉडेल आधी जिल्हा किंवा विद्यापीठ पातळीवर मांडले जाते आणि निवड झाल्यास राज्य पातळीवर जाते. पुढे २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठे अधिनियमाने विद्यापीठांत नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य यांसाठी स्वतंत्र यंत्रणा आणली. नव्या शैक्षणिक धोरणानुसार क्षेत्र प्रकल्प आणि सामुदायिक सहभाग यांना श्रेयांकही (क्रेडिट) मिळू लागले.

विषयांत पाणी पहिले. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्यामुळे टंचाई इथे कोणाला समजावून सांगावी लागत नाही. फ्लोराइडचा प्रश्न तुलनेने गुपचूप राहतो. मराठवाडा बहुतांशी बेसॉल्टचा असला तरी नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडे ग्रॅनाइट आणि नीस हे खडक उघडे पडतात आणि त्यांच्यातून भूजलात फ्लोराइड उतरते. किनवट तालुक्यातील काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त आहे. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम ही इष्ट आणि १.५ ही कमाल मर्यादा. ती सतत ओलांडली गेल्यास आधी दातांवर डाग पडतात, मग सांधे आखडतात आणि हाडे वाकतात. पाणी शुद्ध करण्याचे उपाय रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला ठाऊक असतात : तुरटी आणि चुन्याची नलगोंडा पद्धत, फ्लोराइड धरून ठेवणारा सक्रिय ॲल्युमिना, किंवा शेतातल्या काडीकचऱ्याचा कोळसा. प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातित पाण्यात सोडियम फ्लोराइड टाकून केलेल्या चाचणीचे आकडे उत्तम येतात. पण हापशाच्या पाण्यात बायकार्बोनेट असते आणि तिथे हाच ॲल्युमिना लवकर थकतो. मग त्याला कॉस्टिक सोडा व आम्लाने पुन्हा कार्यक्षम करावे लागते. हे काम गावात कोण करणार, याचे उत्तर पोस्टरवर क्वचितच सापडते.

दुसरा मोठा विषय ऊसतोड कामगारांचे आरोग्य. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याचे २०१९ मध्ये गाजले आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पाळीच्या काळात खाडा झाला की पैसे कापले जाणे, फडावर शौचालय नसणे, मुकादमाकडून घेतलेली उचल (आगाऊ रक्कम), या गोष्टी त्या शस्त्रक्रियांच्या मुळाशी आहेत. म्हणून केवळ सॅनिटरी पॅड बनवण्याचे यंत्र किंवा पाळीची नोंद ठेवणारे ॲप इथे तोकडे पडते. आशाताईंना सोबत घेऊन, निघण्याआधी आणि परतल्यावर तपासणीची नोंद हाती राहील अशी साधी व्यवस्था अधिक कामाची ठरावी.

अडचण वेळापत्रकाचीही आहे. दिवाळीच्या सुमारास कोयते, म्हणजे ऊसतोड करणारी जोडपी, कारखान्यांकडे निघतात आणि गाळप संपले की साधारण मार्च-एप्रिलमध्ये परततात. राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरे आणि आविष्कारच्या फेऱ्या बहुधा हिवाळ्यात होतात, म्हणजे गावात म्हातारेकोतारे उरलेले असतात तेव्हा. टँकर सुरू होतात तेव्हा विद्यार्थी परीक्षेत गुंतलेले. सर्वेक्षण पार पडते, पण ज्यांच्याबद्दल ते आहे ती माणसे त्यात नसतात.

‘विद्यार्थ्यांना पेटंट’ अशा बातम्याही जरा जपून वाचाव्यात. पुष्कळदा ती १९७० च्या पेटंट कायद्याखाली अर्ज प्रकाशित झाल्याची किंवा २००० च्या डिझाइन कायद्याखाली फक्त आकाराची नोंदणी झाल्याची बातमी असते. अर्ज प्रकाशित होणे म्हणजे पेटंट मंजूर होणे नव्हे. तपासणी त्यानंतरची.

वेळापत्रक जुळते ते कृषी विद्यार्थ्यांचे. पदवीच्या शेवटच्या वर्षी ग्रामीण कार्यानुभवासाठी ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ ऐन खरिपात गावात असतात. सोयाबीनची बीजप्रक्रिया आणि मातीचे नमुने घेण्याची पद्धत ते शेतकऱ्याच्या बांधावर दाखवतात. कापसावर फवारणी करताना हातमोजे आणि तोंडाला फडके का हवे, हे सांगायची वेळ येते तेव्हा फवारणीचा पंप शेतकऱ्याच्या पाठीवर असतो.